झाडावरचं घरटं कुंडीत: बर्ड्स नेस्ट फर्न आणण्यापासून बीजाणू पेरण्यापर्यंत

माझं पहिलं बर्ड्स नेस्ट फर्न मी पाणी घालून मारलं, तेही मोठ्या मायेने. पानांचा तो सुरेख द्रोण, मध्ये छान खोलगट, आणि मला वाटायचं की पाणी ओतायलाच ही जागा केलेली आहे. रोज सकाळी पेलाभर पाणी त्या द्रोणात जायचं. दीड महिन्यात मधली कोवळी पानं काळी पडली. एक दिवस हलकेच ओढून पाहिलं तर अख्खा गाभा हातात आला, आणि त्याबरोबर कुजका वास. बाहेरची पानं तेव्हाही हिरवीगार होती. झाड केव्हाच गेलं होतं, मला मात्र पत्ता नव्हता.

त्यानंतर तीन-चार फर्न जगली, एकाने तर खोलीचा कोपराच व्यापला. मधल्या काळात शिकलेली मुख्य गोष्ट एकच: हे जमिनीवरचं झाड नाही. ते झाडावर राहतं. पाणी, माती, खत, ऊन यांबद्दल पुढे जे काही लिहिलं आहे ते या एका गोष्टीतून निघतं, त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

आधी त्याचं मूळ घर

शास्त्रीय नाव ॲस्प्लेनियम निडस. निडस म्हणजे लॅटिनमध्ये घरटं. हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलं. मराठीत फर्नला नेचे म्हणतात, पण रोपवाटिकेत तो शब्द वापरलात तर समोरचा बहुधा तुमच्याकडे पाहत राहील, म्हणून इथे फर्नच म्हणते. पूर्व आफ्रिकेपासून आग्नेय आशिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत, उष्ण आणि दमट जंगलांत ते वाढतं. जमिनीवर क्वचित; बहुतेक वेळा उंच झाडाच्या बेचक्यात, फांदीवर किंवा ओल्या खडकावर. हे बांडगूळ नव्हे. ज्या झाडावर बसतं त्याचा रस पीत नाही, फक्त बसायला जागा घेतं.

मग खातं काय? वरून गळणारी पानं, काटक्या, पाखरांची विष्ठा, धूळ. हे सगळं पानांच्या द्रोणात अडकतं, सावकाश कुजतं आणि खाली मुळांना मिळतं. ती मुळं म्हणजे तपकिरी, केसाळ, स्पंजासारखा गोळा. पावसाचं पाणी तो शोषून धरतो आणि जास्तीचं झिरपू देतो. जंगलातलं जुनं फर्न ओलं असताना दोनशे किलोच्या घरात भरू शकतं. बोर्निओच्या वर्षावनात अशा फर्नमधले किडे, मुंग्या, वाळव्या मोजून २००४ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एका मोठ्या फर्नमधल्या जिवांचं एकूण वजन, ते ज्या झाडावर बसलं आहे त्याच्या उरलेल्या साऱ्या शेंड्यातल्या जिवांइतकं असू शकतं, असं त्यात दिसलं. म्हणजे घरटं हे नाव दिसण्यापुरतं नाही, तिथे खरोखर वस्ती असते.

आता एक प्रश्न कुणालाही पडेल, मलाही पडला. जंगलात पाऊस थेट त्या द्रोणातच पडतो, मग तिथे गाभा का कुजत नाही? कारण तिथे वारा आहे, ऊब आहे आणि खालचा गोळा सैल आहे. पाणी थांबत नाही. आपल्या घरात हवा स्थिर, कुंडीतलं मिश्रण घट्ट, आणि द्रोणात पडलेलं पाणी दिवसभर तसंच. फरक पाण्याचा नाही, ते वाहून जाण्याचा आहे.

निवडताना काय पाहावं

दुकानात बर्ड्स नेस्ट या एकाच नावाखाली दोन-तीन जवळच्या जाती विकल्या जातात. ॲस्प्लेनियम अँटिक्वम आणि ॲस्प्लेनियम ऑस्ट्रेलेसिकम या त्यातल्या नेहमीच्या. चुण्या घातल्यासारखी पानं असलेलं ‘क्रिस्पी वेव्ह’ हे अँटिक्वमचं भावंड. सगळ्यांची देखभाल सारखीच, तेव्हा नावाचा फार विचार करू नका. जे डोळ्यांना आवडेल ते घ्या. एक मात्र लक्षात ठेवा. ‘ॲस्परॅगस फर्न’ नावाने जे मिळतं ते फर्नच नाही. ते शतावरीच्या कुळातलं आहे, आणि घरात मांजर-कुत्रं असेल तर त्याच्यापासून जपावं लागतं. बर्ड्स नेस्ट या बाबतीत निर्धोक आहे. मांजराने पान चावलं तर नुकसान पानाचं.

झाड हातात घेतलं की पहिल्यांदा गाभ्यात डोकवा. मध्यभागी तपकिरी, कागदी खवले दिसतील. ते मेलेले नाहीत, खोडाचं ते नेहमीचं पांघरूण आहे. त्यातून हिरवी, गुंडाळलेली कोवळी पानं वर येत असली की झाड जोमात आहे. काळा, चिकट किंवा वास येणारा गाभा असेल तर बाहेरची पानं कितीही देखणी असोत, ठेवून द्या. मग पानं उलटी करून मधल्या शिरेच्या कडेने बघा, ठिपक्यांसारखी पानाला चिकटून बसणारी खवले कीड तिथेच लपते. आणि मोठ्या झाडाच्या मोहात पडू नका. सहा-आठ पानांचं लहान रोप नव्या जागेत लवकर रुळतं. मोठं झाड आणलं की आधी दोन-चार पानं टाकतं आणि नवशिक्याची झोप उडते.

हवा शुद्ध करण्यासाठी म्हणून घेणार असाल तर तेवढी अपेक्षा सोडा. नासाच्या १९८९ च्या ज्या प्रयोगाचा दाखला सगळे देतात, त्यातली झाडं लहान बंद पेट्यांत ठेवलेली होती. दारं-खिडक्या असलेल्या खोलीत दोन कुंड्यांनी हवेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. दिसायला सुंदर आहे, एवढं कारण पुरेसं नाही का?

पहिले दोन आठवडे: काही करू नका

आणल्याबरोबर कुंडी बदलायचा मोह होतो. आवरा. रोपवाटिकेतल्या दमट, उबदार जागेतून ते तुमच्या कोरड्या खोलीत आलं आहे, तेवढा धक्का त्याला सध्या पुरे. इतर झाडांपासून दोन आठवडे लांब ठेवा म्हणजे लपलेली कीड असेल तर तिथेच सापडेल. या काळात एखाद-दुसरं बाहेरचं पान पिवळं पडलं तर पडू द्या. मधून नवं पान हलायला लागलं की ते रुळलं असं समजा.

जागा आणि उजेड

मोठ्या झाडाच्या शेंड्याखाली जसा उजेड असतो तसा हवा: भरपूर, पण गाळलेला. सकाळचं कोवळं ऊन तासभर आलं तर चालतं, दुपारचं नाही. दुपारच्या उन्हात दोन दिवसांत पानांवर फिकट, पांढरट-पिवळे डाग पडतात, मग ते तपकिरी होतात आणि पुन्हा कधीच हिरवे होत नाहीत.

उजेड मोजायला उपकरण नको. झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि दुपारी त्यावर वीतभर उंच हात धरा. सावलीच्या कडा मऊ पण हात ओळखू येतोय, तर जागा उत्तम. कडा चाकूसारख्या तीक्ष्ण असतील तर मध्ये पातळ पडदा लावा. सावली जवळजवळ दिसतच नसेल तर फर्न जगेल, पण वाढणार नाही. पानं लांबुळकी, मलूल होतील आणि पाणीही फार सावकाश शोषलं जाईल. अंधाऱ्या कोपऱ्यात गेलेली बहुतेक फर्न अंधाराने मरत नाहीत. अंधारात पाणी वापरलं जात नाही आणि आपण नेहमीइतकंच घालत राहतो, त्याने मरतात.

तापमान १८ ते २८ अंश सेल्सिअस असलं की ते खूश. १२-१३ अंशांखाली वाढ थांबते, आणि १० च्या खाली पानांना इजा होऊ लागते. एसीचा झोत, हीटर आणि थंडीत रात्रभर उघडी राहणारी खिडकी, या तिन्हींपासून लांब. आठवड्यातून एकदा कुंडी पाव फेरा फिरवा, नाहीतर सगळा द्रोण उजेडाकडे कलतो.

कुंडी आणि मिश्रण

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून लिहिते.

बागेतली माती नको. थोडीसुद्धा नको. मातीचे बारीक कण ओले झाले की एकमेकांना चिकटतात, त्यांच्यामधली हवा निघून जाते, आणि झाडावर उघड्यावर वाढायची सवय असलेल्या मुळांचा श्वास कोंडतो. मिश्रण हातात घेऊन मूठ आवळा, मग उघडा: गोळा राहिला तर ते फर्नचं नाही, भुसभुशीत सुटलं तर आहे.

माझं प्रमाण असं आहे: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग सालीचे तुकडे (ऑर्किडसाठी मिळतात ते, अर्धा ते एक सेंटिमीटरचे), एक भाग पर्लाइट (मिश्रण सैल ठेवणारे हलके पांढरे खडे) आणि अर्धा भाग नीट कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. कोळशाचे मूठभर बारीक तुकडे असतील तर घाला, नसतील तर अडत नाही. कोकोपीट वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांत धुऊन पिळून घ्या. त्यात मीठ उरलेलं असू शकतं, आणि फर्नची मुळं क्षारांना फार हळवी असतात. ही पायरी मी पूर्वी गाळायची. पानांची टोकं तपकिरी का होतात याचा शोध मग वर्षभर भलतीकडेच घेत बसले.

कुंडी लहान ठेवा. वर पानांचा पसारा केवढाही असो, खाली मुळांचा गोळा छोटाच असतो. मुळांपेक्षा सभोवती दोन-तीन सेंटिमीटर मोठी एवढी पुरे. मोठ्या कुंडीत मुळं पोहोचत नाहीत तिथलं मिश्रण ओलंच राहतं आणि आंबतं. खाली भोकं हवीतच. तळाशी खडे घातले की निचरा सुधारतो असं सांगतात, सुधारत नाही. पाणी खड्यांच्या वर असलेल्या मिश्रणातच अडून राहतं आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा उलट कमी होते.

कुंडी बदलायची वेळ साधारण दर दोन वर्षांनी येते: मुळं भोकांतून डोकावली, किंवा पाणी घातलं की लगेच खालून निघून जाऊ लागलं, की समजा. हे काम वाढीच्या, उबदार दिवसांत करा. आदल्या दिवशी पाणी द्या. दुसऱ्या दिवशी कुंडी आडवी करून झाड गाभ्याला न धरता, मुळांच्या गोळ्याला धरून बाहेर काढा. बऱ्याच रोपांच्या मुळांभोवती पातळ जाळीदार कापड सापडतं. प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं त्यात लावलेली असतात. सहज निघालं तर कापून काढा, मुळं आरपार गेली असतील तर दोन-तीन काप देऊन सोडा. काळी, मऊ मुळं कात्रीने छाटा. तपकिरी आणि टणक आहेत ती निरोगी आहेत, फर्नची मुळं पांढरी नसतातच. नव्या कुंडीत गाभा पूर्वी होता त्याच पातळीवर राहिला पाहिजे. मिश्रण गाभ्याच्या कडेवर आलं तर कुजण्याला आमंत्रण. बोटांनी दाबू नका, कुंडी दोन-तीनदा आपटून बसवा.

हौस असेल तर कुंडीच टाळता येते. लाकडाच्या फळीवर ओल्या स्फॅग्नम मॉसची (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाची) गादी करायची, मुळं तिच्यात गुंडाळायची आणि मासे धरायच्या दोऱ्याने बांधून फळी भिंतीला टांगायची. झाडाला हे कुंडीपेक्षा जास्त मानवतं. पण मॉस लवकर सुकतं, रोज पाहावं लागतं. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

पाणी

वेळापत्रक लावू नका. ‘सोमवारी आणि गुरुवारी’ या शिस्तीने जितकी फर्न गेली असतील तितकी विसराळूपणाने गेली नसतील. बोट मिश्रणात दोन-तीन सेंटिमीटर खुपसा. ओलं लागलं तर परत जा. जेमतेम दमट किंवा कोरडं लागलं तर पाणी द्या. महिनाभरात कुंडी उचलूनच कळायला लागतं. ओली आणि कोरडी यांच्या वजनातला फरक हाताला पाठ होतो.

द्यायचं ते कुंडीच्या कडेने, लांब चोचीच्या झारीने, गोल फिरवत, खालच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत. वीस मिनिटांनी ताटलीतलं पाणी ओतून टाका. पानं इतकी दाट झाली असतील की झारीची चोचच आत जात नाही, तर कुंडी दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात अर्धा तास ठेवा. खालून हवं तेवढं ते ओढून घेतं. मिश्रण अगदी कोरडं पडून कुंडीच्या कडेपासून सुटलं असेल तेव्हाही हाच उपाय, कारण वरून घातलेलं पाणी त्या फटीतून तसंच निसटून जातं आणि आपल्याला वाटतं भरपूर पाणी दिलं.

चुकून द्रोणात पाणी गेलं तर घाबरू नका. झाड तिरकं करून ओतून टाका, उरलेलं कापसाने टिपा. गाभा एखाद्या पाण्याच्या थेंबाने कुजत नाही, रोज साचल्याने कुजतो.

कोणतं पाणी? पावसाचं सर्वांत उत्तम. नळाचं मऊ असेल तर तेही. नळाला, बादलीला पांढरे थर चढत असतील तर पाणी जड आहे. तेच क्षार कुंडीत साठून पानांच्या टोकांवर दिसतात. पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन थोडा उडतो, क्षार तसेच राहतात. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची सवय बऱ्याच घरांत असते. चांगल्या हेतूने, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. फरशी पुसायला वापरा, फर्नला नको.

थंडीत वाढ मंदावते तेव्हा पाण्याच्या दोन वेळांमधलं अंतर आपोआप वाढतं. बोट काय सांगतं ते ऐका.

हवेतली आर्द्रता

पानांवर फवारा मारायची शिफारस सगळीकडे असते. फवाऱ्याने आर्द्रता वाढते ती काही मिनिटं. पाणी उडालं की हवा पुन्हा तशीच. उलट थेंब द्रोणात उतरतात. खड्यांच्या ताटलीचाही उपयोग जेमतेमच. खरोखर फरक पडतो तो चार झाडं जवळजवळ ठेवल्याने, खिडकी असलेल्या न्हाणीघराने किंवा ह्युमिडिफायरने. चांगली गोष्ट ही की या फर्नची पानं जाड, चामड्यासारखी असतात. मेडनहेअर नावाच्या फर्नसारखी नाजूक नव्हेत. ५० ते ६० टक्के आर्द्रता मिळाली की ते छान दिसतं, ४० ला टोकं थोडी करपतात पण झाड टिकतं.

फर्न आणि दमट हवेचं नातं ज्या बाटलीने उघड केलं तिची गोष्ट मला फार आवडते. १८२९ साली लंडनमधल्या नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरने पतंगाचा कोष ओलसर मातीसकट झाकणाच्या बाटलीत ठेवला होता. कोळशाच्या धुराने त्याच्या अंगणातली फर्न टिकत नव्हती. आणि या बंद बाटलीत, मातीतून आपसूक एक फर्न आणि एक गवत उगवलं, आणि जगलं. आतलं पाणी उडून काचेवर जमायचं आणि परत मातीत उतरायचं. त्यातून काचेच्या बंद पेट्या आल्या, आणि त्या पेट्यांतून पुढे झाडं समुद्रापार जिवंत जाऊ लागली. लहान रोपाला कोरड्या दिवसांत पारदर्शक डबा उपडा घालून ठेवता, तेव्हा तुम्ही वॉर्डचीच युक्ती वापरत असता. दिवसातून एकदा झाकण उघडून हवा खेळू द्या, इतकंच.

खत

थोडं आणि पातळ. जंगलात त्याला कुजक्या पानांचा अर्क मिळतो, मेजवानी नाही. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा समतोल द्रवखत, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मं किंवा पाव, तेही ओल्या मिश्रणात आणि कडेने. द्रोणात दाणेदार खत कधीही टाकू नका, कोवळी पानं जळतात. थंडीत बंद. दोन-तीन महिन्यांतून एकदा नुसतं साधं पाणी भरपूर ओतून साठलेले क्षार धुऊन काढा.

पानांना हात लावण्याआधी

मोठ्या पानांवर धूळ बसते, ती ओल्या मऊ कापडाने खालून हाताचा आधार देऊन पुसा. चमक आणणारे फवारे नकोत. पण मधली नवी पानं, गुंडाळलेली असताना किंवा नुकतीच उलगडत असताना, बिलकुल हाताळू नका. ती काचेइतकी ठिसूळ असतात. आज बोटाने हलकं दाबलेलं पान महिन्याने उलगडतं तेव्हा त्यावर तपकिरी वळ असतो, आणि तो पान असेपर्यंत राहतो. घरात मुलं असतील तर कुंडी जरा उंचावर. मुलांना ती गुंडाळी बघितली की हात आवरत नाही; खरं तर मलाही.

सर्वांत बाहेरचं जुनं पान पिवळं पडलं की ते तळापासून स्वच्छ कात्रीने कापा. वर्षातून दोन-चार पानं जाणं हा आजार नाही. नुसती टोकं करपली असतील तर तेवढी तिरकी छाटून टाका, मात्र हिरव्या भागात कात्री नेऊ नका, थोडीशी तपकिरी किनार ठेवा.

पानामागच्या तपकिरी रेघा

दर काही दिवसांनी कुणीतरी घाबऱ्याघुबऱ्या मला फोटो पाठवतं: पानामागे तपकिरी रेघा, औषध सांगा. औषध नको, अभिनंदन. त्या बीजाणूंच्या रांगा आहेत. मधल्या शिरेपासून कडेच्या दिशेने, एकमेकींना समांतर, फणीच्या दातांसारख्या. फर्नला फूल नाही, फळ नाही, बी नाही. त्याचा वंश या भुकटीतून चालतो.

खवले कीड वेगळी दिसते. तिचे ठिपके वाटेल तिथे, विस्कळीत असतात, मधल्या शिरेला जास्त चिकटतात, नखाने खरवडले की टपकन सुटतात आणि पान चिकट लागतं. तशी दिसली तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपा आणि नंतर ती जागा पाण्याने पुसून घ्या. दर आठवड्याला, निदान महिनाभर. अंड्यांतून निघालेली पिल्लं पहिल्या वेळी सुटतातच. तेलाचे आणि कीटकनाशकांचे फवारे फर्नला अनेकदा किडीपेक्षा जास्त बाधतात. मारायचाच झाला तर आधी एका पानावर मारून आठवडाभर थांबा.

शिरांच्या मधोमध अडकलेले काळपट-तपकिरी पट्टे, जणू पट्टी लावून आखलेले, दिसले तर ते पानातल्या सूत्रकृमींचं लक्षण असू शकतं. पाणथळ, अर्धपारदर्शक डाग झपाट्याने पसरत असतील तर जिवाणूंचं. दोन्हींवर घरगुती औषध नाही. ती पानं काढून फेका, कात्री स्पिरिटने पुसा, पानं कोरडी ठेवा, झाड वेगळं करा. सगळ्या द्रोणात पसरलं असेल तर झाडाची माया सोडा आणि कुंडीसकट टाका, बाकीची वाचतील.

मरगळलेली पानं पाहून लगेच पाणी घालू नका. तहानेने आणि मुळं कुजल्याने, दोन्हींनी पानं सारखीच लोळतात. बोट खुपसा: कोरडं असेल तर तहान, ओलं असेल तर मुळं. दुसऱ्या बाबतीत झाड बाहेर काढून कुजकी मुळं छाटणं आणि नव्या, कोरडसर मिश्रणात लहान कुंडीत लावणं, एवढाच मार्ग. गाभाच कुजला असेल तर मात्र उपाय नाही. या फर्नला वाढीचा एकच शेंडा असतो.

रोपं वाढवायची असतील तर

एकच शेंडा, म्हणून विभागणीही होत नाही. गाभा सुरीने चिरून दोन करायला जाल तर दोन्ही जातील. अपवाद एवढाच की काही वेळा दुकानातल्या एका कुंडीत मुळातच तीन-चार रोपं दाटीने लावलेली असतात. त्यांचे गाभे वेगळे दिसत असतील तर कुंडी बदलताना ती सोडवता येतात. बाकी मार्ग एक: बीजाणू. चिकाटी लागते, पण बागकामात इतकं नवल मी दुसरं पाहिलेलं नाही.

रेघा गडद तपकिरी झाल्या की पानाचा तळहाताएवढा तुकडा कापा आणि रेघा खाली करून पांढऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा. आठवडाभर कोरड्या जागी. पाकिटात तपकिरी भुकटी जमते. कागद तिरका करून टिचकी मारा: जाड कवचं आधी घरंगळतात, बारीक धूळ मागे चिकटून राहते. ती धूळ म्हणजे बीजाणू.

झाकणाचा पारदर्शक डबा घ्या, त्यात दोन-तीन सेंटिमीटर बारीक चाळलेलं कोकोपीट. त्यावर उकळतं पाणी ओता आणि झाकण लावून पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर बुरशी आणि शेवाळ आधी उगवेल. मग बीजाणू अगदी विरळ, मीठ भुरभुरावं तसे टाका. वर काही पसरू नका, त्यांना उजेड लागतो. झाकण घट्ट लावा, तारीख लिहा आणि २० ते २५ अंशांच्या, उजेड असलेल्या पण ऊन न येणाऱ्या जागी ठेवा. मग उघडू नका.

तीन ते सहा आठवड्यांत पृष्ठभागावर हिरवी झाक येते. शेवाळ आलं असं वाटून माझा पहिला डबा मी याच टप्प्यावर फेकला होता. भिंगाने पाहिलं असतं तर फेकला नसता. पुढे त्यातून नखापेक्षाही लहान, हृदयाच्या आकाराचे पातळ तुकडे होतात. हे फर्न नव्हे, फर्नची मधली पिढी आहे. नर आणि मादी पेशी यांच्याच खालच्या बाजूला तयार होतात, आणि नर पेशींना मादीपर्यंत अक्षरशः पोहत जावं लागतं. म्हणून या दिवसांत उकळून गार केलेल्या पाण्याचा बारीक फवारा द्यायचा, पृष्ठभागावर पाण्याचा पापुद्रा राहील इतका. वर फवाऱ्याला नावं ठेवली, पण इथे त्याच्याशिवाय काहीच होत नाही.

आणखी काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी, त्या हृदयांतून उभी, एकेक गोल टोकाची पानं निघतात. ती दोन सेंटिमीटरची झाली की चिमट्याने छोटे पुंजके उचलून ताज्या मिश्रणाच्या दुसऱ्या डब्यात लावा. झाकण एकदम काढू नका. पहिल्या आठवड्यात बोटभर फट, पुढच्या आठवड्यात अर्धं, तिसऱ्या आठवड्यात पूर्ण. या घाईत मी एकदा चाळीस रोपांपैकी सहा उरवली. स्वतंत्र छोट्या कुंडीत जाईपर्यंत पेरणीपासून वर्ष सहज उलटतं, आणि पानं गोल रांगेत बसून मध्ये पहिल्यांदा खोलगा दिसायला आणखी तेवढाच वेळ लागतो. त्या दिवसापासून झारीची चोच कडेला धरायची.